आत्याचं बोट आणि माझे दात

माझ्या लहानपणीचे फोटो काढून बसलात तर तुम्हाला वाटेल, ही पोरगी जन्मात कधी हसलीच नाही. वाढदिवस असो, मंडळाचा गणपती असो, शाळेचं गॅदरिंग असो, सगळीकडे मी आपली ओठ घट्ट मिटून उभी. बाकीच्या पोट्ट्या बत्तिशी दाखवून खिदळताहेत आणि मी मात्र तोंडात पाणी धरल्यासारखी. फोटो काढणाऱ्याच्या मागे आई उभी असायची आणि बोटानं खूण करायची, ओठ मिट. लोक म्हणायचे, किती शांत आहे हो तुमची मुलगी, किती गंभीर. गंभीर कसली डोंबलाची! मला लाज वाटायची, बस्स.

माझे पुढचे पक्के दात डाग घेऊनच आले. एकावर मधोमध तपकिरी पट्टा, चहा सांडून पुसायचा राहिल्यासारखा. शेजारच्यावर पिवळे-पांढरे चट्टे. आता त्यांच्यावर डॉक्टरांनी लेप चढवून दिला आहे, नेहरू नगरातल्या कोचिंग क्लासमध्ये मी दिवसभर तोंड उघडं ठेवून गणित शिकवते आणि पोरांना काही कळत नाही. तरी हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो. नवरा चिडवतो, म्हणतो, तू हसतेस की शिंकतेस? त्याला काय सांगणार, कप्पाळ!

तपकिरी दात दुसऱ्या कुठल्या गावात निघाले असते तर लोक म्हणाले असते, चॉकलेटं खाते, ब्रश करत नाही. भिलाईत त्याचा पहिला अर्थ निघतो तो गुडाखू. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू आणि गुळाचा काळपट लगदा असतो, पानठेल्यावर छोट्या डबीत मिळतो. सकाळी उठून बोटावर घ्यायचा आणि दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. म्हणायचं दात घासतोय, खरी ती नशा. आमच्याकडे अर्धं छत्तीसगड सकाळी तोंडात बोट घालून दारात बसलेलं असतं. पण आम्ही पडलो विदर्भातून प्लांटच्या नोकरीवर आलेले, महाराष्ट्र मंडळात जाणारे, श्लोक-बिक पाठ असलेले लोक. आमच्या घरात त्या वस्तूचं नावही घेत नसत. 'ते' म्हणायचे.

आणि 'ते' आमच्याच घरातली एक बाई लावायची. माझी आत्या.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान, म्हणजे फुफाजी, रेल्वेच्या यार्डात, म्हणून ती चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायची. कॉलनीतल्या बायकांसोबत सकाळी नळावर बसता बसता तिला ती सवय लागली, आणि लागली ती लागलीच. तिचे दात काळे-पिवळे होते. रिसालीला आमच्याकडे आली की सकाळी हळूच मागच्या फाटकातून बाहेर जायची आणि भिंतीच्या आडोशाला बसायची. बाबांना माहीत होतं. ते पेपर तोंडापुढे धरून बसायचे आणि पानच उलटायचे नाहीत. मीसुद्धा माझ्या मैत्रिणी आल्या की मनात म्हणायची, आत्यानं आता हसू नये. असं म्हणायची आणि त्याच आत्याच्या हातचं जेवल्याशिवाय मला घास जायचा नाही. ती भात कालवून, बोटांनी छोटे छोटे गोळे करून चारायची. मी सात वर्षांची घोडी झाले तरी चारायची. आई ओरडायची, लाडावून ठेवलं तुम्ही तिला. आत्या म्हणायची, "खाऊ दे वं, पुढं कोण चारते तिले!"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चरोद्याला गेले तेव्हा माझे पुढचे दुधाचे दात पडलेले होते, नुसती खिडकी होती. सुट्टी संपवून परत आले तेव्हा खिडकीत दोन नवे दात आलेले, आणि दोन्ही असे डागाळलेले. बाबांनी मला अंगणात उजेडात उभं केलं, हनुवटी वर केली आणि बराच वेळ बघत राहिले.

बाबांचं कामच मुळी बघायचं. प्लांटात पोलादाच्या जाड प्लेटा तयार झाल्या की त्या तपासणीला येतात. बाबा हातात खडू घेऊन प्लेटेवरून चालत जायचे आणि जिथे खपली, चरा, डाग दिसेल तिथे गोल मारायचे. मागून मशीनवाला येऊन तेवढी जागा घासून काढायचा. डाग वरवरचा असला तर घासला की जातो, खाली स्वच्छ पोलाद निघतं. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला माझ्या दातांकडे बघून दुसरं काय सुचणार!

"वरचं आहे," ते आईला म्हणाले. "घासलं की निघन. पण लागलं कुठून?"

दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती, हे मला सात वर्षांच्या वयातही कळलं. बाबांनी मला विचारलं, "आत्यानं काही लावलं का दाताले? खरं सांग." मी म्हटलं, नाही. "गमतीनं? एखाद दिवशी?" मी म्हटलं, नाही बाबा. ते म्हणाले, "हं." प्लेटेवर गोल मारताना मशीनवाल्याला कोणी विचारत नाही, तसं त्यांनी मनात गोल मारून टाकला होता.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. बाकी महाराष्ट्रात गौरी म्हणतात त्या. जेवणाच्या दिवशी मंडळातली माणसं, बाबांच्या खात्यातले साहेब, त्यांच्या बायका, सगळे येतात. आत्या दरवर्षी आदल्या दिवशीच लोकल पकडून यायची आणि पुरण, आंबील, भाज्या सगळं अंगावर घ्यायची. तिच्याशिवाय आईचं पानही हलायचं नाही. त्या वर्षीही आली. मी तिच्या मागे मागे फिरत होते.

पंगत बसली. मी पाणी वाढत होते. साहेबांच्या बाईंनी मला जवळ बोलावलं, गालाला हात लावला, नाव विचारलं, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तशा त्या थबकल्या. "अगं बाई, हे दात असे कशाने झाले?" आणि मग हसून शेजारणीला म्हणाल्या, "इथल्या मुलींसारखी गुडाखू-बिडाखू तर लावत नाही ना?"

त्यांनी सहजच म्हटलं असेल. बाबा तिथेच ताटात तूप वाढत होते. त्यांचं तोंड लाल झालं. त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे आत्या पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उभी होती.

"ताई, तूच सांग आता. काय लावलं तू पोरीच्या तोंडाले?"

आत्याला आधी कळलंच नाही. "अरे बापा, काय बोलून राहिला तू?"

"तुयाकडं गेली तवा दात नव्हते. आली तवा हे असे दात घेऊन आली. कुठून आलं मंग हे?"

"मी कावून लावीन रे तिले?"

"मुद्दाम नसन लावलं. पण त्याच बोटानं चारते ना तू तिले? सकाळी तोंडात घालते, दुपारी पोरीले घास देते. त्याच बोटानं!"

मी ओरडले, "नाही बाबा, आत्यानं काही नाही केलं." बाबा म्हणाले, "तू गप." साहेबांच्या बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, जाऊ द्या. आई दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

आत्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या हातावर पोळीचं पीठ होतं. मग तिनं काय केलं असेल? पोळ्या वाढल्या. पंगतभर फिरून, प्रत्येकाला आग्रह करून वाढल्या, फक्त हातानं न वाढता चिमट्यानं वाढल्या. सगळी पानं उठली तेव्हा आई तिला जेवायला बोलवायला आत गेली, तर आत्या नव्हती. मागचं फाटक उघडं होतं. महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी, सगळा स्वयंपाक केलेलं माणूस आमच्या घरून उपाशी गेलं. आई ती गोष्ट आजही आठवली की देव्हाऱ्याकडे बघत नाही.

त्यानंतर आत्या आली नाही. फोनही नाही. बाबा म्हणाले, येईन ना राग गेला की, तिची चूक आहे, माही नाही.

आणि माझी घासाघीस सुरू झाली. रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी बाबा मला मोरीपाशी बसवायचे. मीठ आणि वाटलेला कोळसा. स्वतःच्या बोटावर घ्यायचे आणि त्या दोन दातांवर रगड रगड रगडायचे. मग थंड पाण्यानं चूळ. ते पाणी दाताला लागलं की डोक्यात कळ जायची, मी किंचाळायची. पुढच्या दातांपेक्षा मागच्या दाढांत जास्त. बाबा म्हणायचे, "नाटकं नको. बाकीचे पोट्टे नाही घासत का?" चार-पाच दिवसांनी ते मला उजेडात नेऊन बघायचे. डाग तिथेच. उलट पट्टा जरा जास्तच गडद, आणि कडेला खरखरीत. "जरा कमी झाला," ते म्हणायचे. झाला नव्हता.

बाबांची पहिली पाळी असली आणि ते पहाटेच गेले की मी सुटायची. तेव्हा मी ब्रश नुसता ओला करून ठेवून द्यायची. अहो, दुखायचं! पाणी लागलं तरी दुखायचं, वारा लागला तरी दुखायचं, कुल्फी तर बघूनच दुखायचं. पण हे सांगायचं कोणाला? सांगितलं की 'घासायला नको म्हणून बहाणे.' मी उजव्या बाजूनं चावायचं सोडलं, मग डाव्या बाजूनंही जपून चावायला लागले. तोंडाला वास यायला लागला. बाकावरची मैत्रीण एक दिवस दप्तर उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली, आणि वर्गातल्या पोरांनी माझं नाव ठेवलं गुडाखू. मागून हाक मारायचे, ए गुडाखू. मी वळून बघायची नाही. पण त्याच नावानं आता मला हाक मारतात हे घरी कळलं तर बाबा आत्याला आणखी बोलतील, म्हणून मी घरी तेही सांगितलं नाही. मला माझ्या दातांची लाज वाटायची, बाबांची वाटायची, आणि आत्याची आठवण आली की ताटात भाताचे छोटे छोटे गोळे करत बसायची.

नवरात्राच्या दिवसांत शेजारच्या काकींनी ठेठरी दिली. ती इकडची तळलेली, बेसनाची, कडक चकलीसारखी. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि कडकन आवाज झाला. ठेठरी नव्हती, माझी दाढ होती. दाढेची अख्खी एक कड तळहातावर पडली, पिवळी, चुरा होणारी. पडलेला तुकडा बघून आई घाबरली. "अगं, ही तर पक्की दाढ! आत्ता तर आली होती!" दुसऱ्या दिवशी बाबा मला दुर्गला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई हिंदी बोलणाऱ्या, तरुण. मला खुर्चीत बसवलं आणि आरशानं आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हवेचा फवारा मारला तशी मी खुर्चीतून उडालेच. "बहुत झनझनाता है ना?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. माझं दुखतं हे मी न सांगता पहिल्यांदाच कोणीतरी ओळखलं होतं. मला रडू आलं.

बाबा पुढे झाले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, ये गुडाखू से हुआ है ना? घर में एक जन लगाते हैं. उनका हाथ..."

"गुडाखू?" बाईंना आधी समजलंच नाही. "नहीं तो. दाँत ऐसे ही निकला है."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाबांना जवळ बोलावून, माझ्याच तोंडात आरसा धरून. सहाव्या वर्षी येणाऱ्या चार दाढा आणि हे पुढचे दात, हे सगळे मूल तान्हं असतं तेव्हापासून जबड्याच्या आत तयार होत असतात. त्या काळात काहीतरी होतं. कधी ताप, कधी आजारपण, कधी काहीच सापडत नाही, नक्की कोणालाच सांगता येत नाही. दातावरचं कडक आवरण मग कच्चं राहतं. दात बाहेर येतो तोच तसा येतो. असा दात ठिसूळ असतो, चावता चावता तुटतो, थंड पाणी लागलं की झोंबतो. झोंबतो म्हणून मूल ब्रश करत नाही, ब्रश करत नाही म्हणून कीड लागते. "आलसी नहीं है बच्ची," त्या म्हणाल्या. "इसको दर्द होता है."

"मतलब ऊपर का नहीं है?" बाबांनी विचारलं.

"जी?"

"ऊपर से, बाहर से कुछ लगा नहीं है? घिसने से निकलेगा नहीं?"

बाई एकदम गंभीर झाल्या. घासायचं तर अजिबात नाही, त्या म्हणाल्या. आधीच कच्चं आहे ते. मीठ, कोळसा, मंजन, काहीही नाही. मऊ ब्रश, कोमट पाणी. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि विचारलं, कोणी घासत होतं का? बाबा खिशात रुमाल शोधायला लागले.

तुटलेल्या दाढेवर बाईंनी पुढच्या खेपेला स्टीलची टोपी बसवली, नाहीतर ती काढावी लागली असती. इंजेक्शन देऊनही दुखलं, असे दात पटकन बधिर होत नाहीत म्हणे. घरी आल्यावर बाबांनी आईला त्या टोपीचं इतकं वर्णन केलं की विचारू नका. किती पातळ पत्रा, काय फिनिशिंग, कडा कशी वळवलीय. आमच्या प्लांटलाही जमणार नाही म्हणाले. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि ताईंचं?"

"ताईचं काय?"

"त्यांना फोन करून सांगा. दात जन्मापासूनच तसे होते म्हणून."

"करतो ना."

त्यांनी फोन केला नाही. रोज म्हणायचे, आज करतो. फोनपाशी जायचे, रिसीव्हर उचलायचे, वायर बोटाला गुंडाळायचे आणि परत ठेवायचे. घरातल्या देवासमोर, साहेबांच्या बायकोसमोर मोठ्या बहिणीला जे बोलले, ते कसं परत घ्यायचं हे त्यांना येत नव्हतं. ओरडायला त्यांना एक मिनिट लागायचं नाही, पण हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलंच नव्हतं. मला वाटायचं, मीच लावावा फोन. पण नंबर फिरवायला धजले नाही, आत्या रडली तर काय बोलू?

दिवाळी आली. भाऊबीजेला बाबा दरवर्षी चरोद्याला जायचे. या वर्षी सकाळपासून स्कूटर पुसत बसले होते. आईनं न विचारता पिशवीत साडी भरली, माझे केस विंचरले आणि मला स्कूटरवर पुढे उभं केलं. "जा," ती म्हणाली. "आज गेला नाहीत तर मग कधीच जाणार नाही तुम्ही." बाबांनी किक मारली.

पॉवर हाउस, खुर्सीपार, भिलाई-तीन मागे पडलं. यार्ड दिसायला लागलं तसा स्कूटरचा वेग कमी झाला, आणि एका चहाच्या ठेल्यापाशी ते थांबले. चहा घेतला. संपला. अजून एक घेतला. पलीकडे मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. बाबा म्हणाले, "तुले दुखते का अजून?" मी म्हटलं, कमी झालं. ते म्हणाले, "मी घासायचो तवा लय दुखत होतं का?" मी म्हटलं, हो. त्यांनी कप ठेवला आणि स्कूटर चालू केली.

आत्यानं दार उघडलं. "आला का रे," म्हणाली, आणि लगेच पदर ओठांवर घेतला. ती वाळली होती. मला वाटलं होतं धावून येईल, कुशीत घेईल. ती दोन पावलं मागेच सरकली. "ये माय," म्हणाली, लांबूनच.

नळापाशी कोनाड्यात तिची डबी असायची. तिथे आता टूथपेस्टची ट्यूब होती. फुफाजींनी बाबांना बसवलं आणि हसत हसत सांगितलं, "तुमच्या ताईनं ते सोडून देलं बरं का. महालक्ष्म्यांवरून आली तवापासून हात नाही लावला. डोस्कं धरून बसे, ओकाऱ्या करे, पण हात नाही लावला. मी तीस वर्सं सांगून थकलो, काय जादू केली तुमी?"

मला वाटलं, बाबा आता बोलतील. ते पिशवीतली साडी सारखी करत बसले.

आत्यानं पाट मांडला, ओवाळलं. एका हातात तबक, दुसऱ्या हातानं पदर तोंडावर. बाबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मग ती आत गेली आणि माझ्यासाठी वाटीत शिरा घेऊन आली. माझ्यासमोर ठेवला. वाटीत चमचा होता.

"चमच्यानं खाय हं," ती म्हणाली. "मी बोट नाही लावलं त्याले. कढईतूनबी चमच्यानंच काढला."

मी बाबांकडे बघितलं. बाबा ऐकत होते. त्यांच्या कपाळावरचं कुंकू ओलं होतं आणि ते ओठ आवळून बसले होते, अगदी माझ्यासारखे, फोटोतल्यासारखे. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी लाज वाटली की मी वाटी बाजूला सारली आणि आत्यापुढे जाऊन तोंड उघडलं. चांगलं आ करून. एरवी जे मी कोणालाच बघू देत नव्हते, ते.

"बघ आत्या. मागं बघ. ही दाढ तुटली, तिच्यावर स्टीलची टोपी आहे. बाकीच्या दाढापण तशाच आहेत. डॉक्टर म्हणाल्या, मी तान्ही होती तेव्हाच आतमध्ये असे झाले. बाहेरून काही लागलं नाही. गुडाखूनं नाही झालं. तू नाही केलं."

आत्यानं मला दारापाशी उजेडात नेलं. माझ्या हनुवटीला हात लावायला गेली आणि मध्येच थांबली. नुसती वाकून बघत राहिली. पदर गळून पडला होता.

"म्हंजे मी नाही?"

"नाही."

"डॉक्टरनं सांगतलं? मी नाही म्हणून?"

"हो आत्या."

ती बाबांकडे वळली. "खरं काय रे?"

बाबा म्हणाले, "हाव." एवढंच. मग घसा खाकरून म्हणाले, "तू नाही ताई."

आत्या उंबऱ्यावरच बसली. "माय वं," म्हणाली, "आन मी त रोज या बोटाकडं पाहू पाहू म्हणो, हे तोडून टाकू का. पोरीचं तोंड खराब केलं मी. तिचं लगन कसं होईन." आणि हुंदके देऊन रडायला लागली. आम्हाला वाटलं होतं ती आमच्यावर रागावली असेल. ती रागावलीच नव्हती. तिनं खरं धरलं होतं सगळं. इतके दिवस, फोनची तार बोटाला गुंडाळत बाबा तिकडे उभे होते तेव्हा, ती इकडे हे समजून बसली होती. बाबा उठून तिच्याजवळ गेले, वाकले, "ताई, मले..." म्हणाले आणि पुढे त्यांना येईना. पुढचं वाक्य त्यांना कधीच आलं नाही. आता ते रिटायर झाले, सकाळी बागेत फिरतात, सगळ्यांशी गप्पा मारतात, पण ते वाक्य तिथेच आहे.

आत्यानं पुन्हा 'त्या'ला हात लावला नाही. आता ती खूप म्हातारी झाली आहे, दात एकही उरला नाही, स्वतःच म्हणते, बरं झालं, झंझट मिटली. माझी मुलगी चार वर्षांची आहे. अजून तिच्या पक्क्या दाढा यायच्यात, आणि मी वेड्यासारखी टॉर्च घेऊन तिच्या तोंडात डोकावत असते. आत्याकडे गेलो की तीही माझ्यासारखीच आत्याच्या मांडीवर चढते आणि आ करते. आत्या भात कालवायच्या आधी नळावर जाते, साबण लावून हात धुते, कोपरापर्यंत. मग माझ्याजवळ येते आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरते. आधी तळवे, मग उलटे करून बोटं.

मी म्हणते, "आत्या, बास कर ना गं. कशाला?"

ती म्हणते, "पाहून घे वं माय एकदा. मंग काही म्हणू नको."